चक्कर, घाम, धडधड: स्वायत्त चेतासंस्थेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-तासगाव रस्त्याला माझा छोटा दवाखाना आहे. खालचे प्रश्न तिथे विचारलेले आहेत. काही पेशंटचे, काही त्यांच्यासोबत आलेल्या सुनांचे, काही मिरजेला नर्सिंग आणि फिजिओथेरपी शिकणाऱ्या पोरांचे. आमच्या भागात चक्कर आली की निदान घरीच ठरून येतं, "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा." दहातल्या निम्म्या वेळा तरी सलाईनची गरज नसते. बीपी दोनदा बघायची असते, एकदा झोपवून आणि एकदा उभं करून. का, ते पुढे येईलच.

स्वायत्त चेतासंस्था म्हणजे नेमकं काय?

हात उचलायचा तर तुम्ही ठरवता. पोटातली भाकरी पुढे सरकवायची तर तुम्हाला कुणी विचारत नाही. हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचं आकुंचन, घाम, लाळ, डोळ्याची बाहुली, आतडी, मूत्राशय ही सगळी कामं चेतासंस्थेच्या ज्या भागाकडे आहेत ती स्वायत्त चेतासंस्था. तिच्या दोन शाखा शाळेच्या पुस्तकात आहेत, अनुकंपी आणि परानुकंपी. तिसरी आतड्याच्या भिंतीत असते, तिच्याकडे पुढे येतो.

स्वायत्त म्हणजे मेंदूपासून फारकत घेतलेली असं मात्र नाही. हायपोथॅलॅमस नावाचा मेंदूतला लहानसा भाग आणि मानेच्या वर, मेंदूच्या देठात असलेला मेड्युला हे दोघं तिचे मुकादम. स्वायत्त आहे ती फक्त तुमच्या इच्छेपासून.

एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडे 'नस' म्हटलं की दोन गोष्टी येतात. 'नस दबली' म्हणतो तेव्हा चेतातंतू आणि 'सुई लावायला नस सापडेना' म्हणतो तेव्हा रक्तवाहिनी. या पानावर नस म्हणजे चेतातंतूच.

'अनुकंपी' हे काय नाव झालं? कुणाची अनुकंपा?

वडील नोकरीत असताना गेले की मुलाला अनुकंपा तत्त्वावर लागते, त्याच्याशी संबंध नाही. जुन्या ग्रीक-रोमन वैद्यांची समजूत होती की शरीरातले अवयव एकमेकांच्या दुःखात सहभागी होतात आणि हा सहभाग नसांतून पोचतो. त्या समजुतीवरून युरोपात 'सिम्पथेटिक' हे नाव पडलं आणि आपण त्याचं भाषांतर केलं. 'स्वायत्त' या अर्थाचं नाव केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी १८९८ साली दिलं आणि परानुकंपी शाखेला वेगळं नाव १९०५ साली मिळालं. समजूत मागे पडली, नाव राहिलं.

ही यंत्रणा शरीरात असते कुठे? नकाशा सांगा.

फिजिओथेरपीच्या मुलांचा हा परीक्षेतला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

अनुकंपी शाखा निघते मेरुरज्जूच्या मधल्या भागातून, छातीच्या पहिल्या पातळीपासून कमरेच्या दुसऱ्या पातळीपर्यंत. तिथून बाहेर पडलेले तंतू लांब जात नाहीत. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मण्यांच्या माळेसारखी गाठींची साखळी असते, त्यातल्या एखाद्या गाठीत ते थांबतात. या गाठींना गँगलियन म्हणतात. तिथे दुसरी पेशी निरोप स्वीकारते आणि तिचा लांब तंतू अवयवापर्यंत जातो. पोटातल्या अवयवांकडे जाणारे काही तंतू ही साखळी ओलांडून पुढे, महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या सर्वात मोठ्या धमनीच्या) पुढ्यात असलेल्या गाठींत थांबतात. एका तंतूचा निरोप अनेक पेशींना मिळतो, त्यामुळे अनुकंपी शाखा जागी झाली की बोभाटा गावभर होतो.

परानुकंपी शाखा निघते दोन टोकांतून. वरच्या टोकाला मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी तिसरी, सातवी, नववी आणि दहावी, आणि खालच्या टोकाला माकडहाडाच्या वर, त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या पातळीवरून. इथे हिशेब उलटा आहे. पहिला तंतू लांब आणि गाठ थेट अवयवाजवळ किंवा अवयवाच्या भिंतीतच. दहावी नस म्हणजे व्हेगस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ भटकी, आणि ती भटकतेही तशीच, मानेतून छातीत, तिथून पोटात, मोठ्या आतड्याच्या बऱ्याच भागापर्यंत. परानुकंपी तंतूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश एकट्या व्हेगसमध्ये असतात.

मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अॅड्रिनल ग्रंथी या नकाशातली गंमत आहे. तिचा आतला गाभा म्हणजे खरं तर तंतू न फुटलेली अनुकंपी गाठच. निरोप आला की ती नसेऐवजी रक्तात माल सोडते, त्यात साधारण ८० टक्के अॅड्रिनलिन आणि उरलेलं बहुतेक नॉरअॅड्रिनलिन. संकट टळल्यावरही काही मिनिटं छाती धडधडत राहते, कारण नस गप्प झाली तरी रक्तातला माल संपायला वेळ लागतो.

आम्हाला शिकवलंय की अनुकंपी म्हणजे ॲक्सिलरेटर आणि परानुकंपी म्हणजे ब्रेक. बरोबर ना?

दहावीच्या मार्कांपुरतं बरोबर. पण गाडीत आपण एका वेळी एकच पाय दाबतो. इथे दोन्ही पाय कायम दाबलेले असतात, कमीजास्त.

हृदयाचंच बघा. हृदयाला ठोका पडायला नस लागतच नाही. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यात स्वतःची ठिणगी पाडणाऱ्या पेशी आहेत आणि दोन्ही नसा बाजूला केल्या तर तरुण माणसात त्या मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके पाडतील. तुमची नाडी बसल्या जागी ७० आहे, याचा अर्थ व्हेगसने सध्या ब्रेकवर बऱ्यापैकी पाय ठेवलाय. दुसऱ्याचं हृदय बसवलेल्या रुग्णात या नसा कापल्या गेलेल्या असतात, त्यामुळे त्यांची नाडी विश्रांतीतही नव्वद-शंभरच्या घरात असते. जिना चढायला लागलात की पहिली वाढ होते ती ब्रेकवरचा पाय सैल झाल्यामुळे. ॲक्सिलरेटर नंतर येतो.

शिवाय सगळ्या अवयवांना दोन्ही शाखा मिळत नाहीत. घामाच्या ग्रंथी, अंगावरचे केस उभे करणारे बारीक स्नायू आणि बहुतेक रक्तवाहिन्या फक्त अनुकंपीच्या ताब्यात असतात. रक्तवाहिनी आवळायची तर निरोप वाढवायचा, सैल करायची तर कमी करायचा. लाळेच्या बाबतीत तर दोघी एकाच बाजूला आहेत. परानुकंपीने पातळ, भरपूर लाळ सुटते आणि अनुकंपीने चिकट, थोडी. लैंगिक संबंधात ताठरता परानुकंपीची आणि वीर्यस्खलन अनुकंपीचं. तिथे दोघींचं भांडण झालं तर काम होत नाही. नव्या लग्नाच्या पोराला पहिल्या काही रात्री चिंतेनेच अपयश येतं, ते यामुळे. त्याला गोळी लागत नाही. आठ दिवस पाहुण्यांनी घर मोकळं केलं तरी पुरतं.

भीती वाटली की पोटात गोळा का येतो?

मराठीने ही सगळी यंत्रणा कधीच नोंदवून ठेवलीय. छातीत धडधडतं, तोंडाला कोरड पडते, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, अंगावर काटा येतो, पोटात गोळा येतो. या एकेका वाक्प्रचारामागे अनुकंपीचा एकेक तंतू आहे. त्वचेकडचं आणि आतड्याकडचं रक्त आवळून स्नायूंकडे वळवलं जातं, म्हणून हातपाय गार आणि पोट जड. आतड्याची हालचाल मंदावते. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. बाहुली मोठी होते, श्वासनलिका रुंदावतात. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ साली याला लढा किंवा पळा अशा अर्थाचं नाव दिलं.

मग परीक्षेच्या दिवशी सकाळी दोनदा संडासला का पळावं लागतं, आतडं तर मंद व्हायला हवं? हा प्रश्न मला एका बारावीच्या मुलीने विचारला आणि प्रश्न रास्त आहे. ताणात जठर मंदावतं, पण मोठं आतडं बहुतेकदा उलट वागतं. मेंदूतून ताणाचा निरोप त्रिकास्थीच्या परानुकंपी तंतूंमार्फतही खाली जातो आणि शेवटचा भाग रिकामा करायची घाई होते. 'पाचावर धारण बसली' म्हणून दोन्ही शाखांपैकी एकच चालते असं नाही.

मिसळ खाताना नाक का वाहतं?

तिखटातलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णतेच्या संवेदकांना चिमटा काढतं. मेंदूला वाटतं भाजलं. नाकाच्या आणि डोळ्याच्या ग्रंथींना परानुकंपी हुकूम जातो, कपाळावर घाम अनुकंपीमुळे येतो. निरोगी माणसात हे चालायचंच. पण मधुमेह जुना असेल आणि साध्या दहीभातालाही मानेपासून वर घामाच्या धारा लागत असतील, तर तंतूंना इजा झाल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना जरूर सांगा.

सकाळी उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते. अशक्तपणा आहे का?

हा या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून एक पेशंट दाखवतो.

गेल्या उन्हाळ्यात पंचाहत्तरीचे एक तात्या सुनेबरोबर आले. सून म्हणाली, "मामा हातरुणातनं उठलं की भित्ताड धरूनच हुबं ऱ्हात्यात. परवा न्हाणीत पडलं. दोन सलाईन लावून झाल्या, फरक न्हाई." तात्यांनी धोतराच्या सोग्यातून गोळ्यांची पिशवी काढली. बीपीच्या दोन गोळ्या आणि प्रोस्टेटची एक, रात्री घ्यायची. पाच मिनिटं पाठीवर झोपवून बीपी घेतली, १५०/८४. उभं केलं, एका मिनिटाने ११८/७२ आणि तिसऱ्या मिनिटाला ११४/७०. नाडी जेमतेम सहाने वाढली. तात्या म्हणाले, "आत्ता येतीय बगा चक्कर," आणि टेबलाची कड घट्ट धरली.

झालं काय? आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. निरोगी शरीरात मानेतल्या धमनीच्या फाट्याजवळ आणि महारोहिणीच्या कमानीत बसलेले दाबमापक दोन सेकंदांत ओरडतात. नववी आणि दहावी नस निरोप मेड्युलात पोचवते. मेड्युला ब्रेक सैल करतो, अनुकंपी पायांच्या आणि पोटाच्या रक्तवाहिन्या आवळते, नाडी दहा-पंधराने वाढते. तुम्हाला काही कळतही नाही. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर हे चक्र कुठेतरी तुटलंय असं समजायचं.

तात्यांच्या बाबतीत प्रोस्टेटची गोळी अनुकंपीचा निरोप अडवणारीच होती. ती लघवीच्या वाटेतले स्नायू सैल करते आणि जाता जाता रक्तवाहिन्याही. त्यात वय आणि बीपीच्या दोन गोळ्या. सलाईनने त्यांना अर्धा दिवस बरं वाटलं असेल, पण तुटलेलं चक्र सलाईनने कसं जोडणार? गोळ्या बदलल्या, वेळा बदलल्या. दोन महिन्यांत तात्या पुन्हा द्राक्षबागेत.

गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, हे इथे ठळक समजा. तोवर घरी करायच्या गोष्टी सोप्या आहेत. उठताना आधी कॉटच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसा, पोटऱ्या आवळा-सोडा, मग उभे राहा. उठण्याआधी दोन पेले पाणी घटाघट प्या. रात्री लघवीला उठणाऱ्या पुरुषांनी बसूनच लघवी करावी, यात कमीपणा काही नाही. न्हाणीत पडून मांडीचं हाड मोडलेले किती लोक मी पाहिलेत, ते सांगत बसत नाही.

तरुण मुलींमध्ये याचा एक वेगळा प्रकार दिसतो. उभं राहिल्यावर बीपी उतरत नाही, पण दहा मिनिटांत नाडी तीसने किंवा जास्तीने वाढते, धडधड होते, डोकं हलकं होतं. 'नाटक करते' असं घरचे म्हणतात. ती नाटक करत नसते.

भरतीचा सराव करणारा मुलगा सोळाशे मीटर पळून थांबला आणि कोसळला. हृदयाचं काही आहे का?

पळताना पोटऱ्यांचे स्नायू दर पावलाला रक्त वर पिळतात आणि पायांतल्या रक्तवाहिन्या पूर्ण उघडलेल्या असतात. रेषा ओलांडून पोरगं खांबासारखं उभं राहिलं की पंप बंद आणि रक्त खालीच. म्हणून थांबायचं नाही, पाच मिनिटं चालत राहायचं. वस्तादाने दम देऊन हे आधीच सांगायला हवं. मात्र पळत असताना, ऐन जोरात असताना कोसळला, छातीत दुखलं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी झाल्याशिवाय पुन्हा मैदानावर पाठवू नका.

इंजेक्शन किंवा रक्त बघून चक्कर येते. एवढा मोठा पैलवान गडी आणि असं कसं?

पैलवानांनाच जास्त येते असं मला उगाचच वाटतं. यात व्हेगस एकदम जोर धरते आणि अनुकंपी त्याच क्षणी हात सोडते. नाडी मंद, रक्तवाहिन्या सैल, मेंदूचं रक्त कमी. आधी जांभया येतात, मळमळतं, कानात भुंगा वाजतो, चेहरा पांढरा पडतो. अशा वेळी लोक काय करतात? दोघं बगलेत हात घालून त्याला उभा धरतात, तिसरा कांदा फोडून नाकाला लावतो. आडवं करा आणि पाय वर उचला, बस. मेंदूला रक्त पोचलं की अर्ध्या मिनिटात गडी डोळे उघडतो. श्रेय कांद्याला जातं ते जाऊ द्या.

बागेत औषध मारून आल्यावर नाका-तोंडातून पाणी, बाहुल्या बारीक, उलट्या. याचा नसांशी काय संबंध?

थेट संबंध आहे आणि आमच्या भागात हे प्रत्येक घरात माहीत असलं पाहिजे.

परानुकंपी तंतूंच्या टोकातून अॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, तोच अवयवाला दिलेला हुकूम. हुकूम पाळून झाला की एक विकर (एन्झाइम) ते रसायन क्षणात तोडून टाकतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं या विकरालाच जखडून ठेवतात. मग हुकूम संपतच नाही. लाळ, अश्रू, घाम, छातीत कफाचा पूर, उलट्या, जुलाब, कपड्यात लघवी, नाडी मंद, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. अंगातले स्नायूही याच रसायनावर चालतात, त्यामुळे पापण्या आणि मांड्या लवलवतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. माणूस दगावतो तो मुख्यतः श्वासाने. डावणी-भुरीसाठी मारतो ती बुरशीनाशकं सहसा या गटातली नसतात, पण किडीसाठी मारलेल्यांपैकी काही असतात. डब्यावर घटकाचं नाव असतं, ते वाचायची सवय ठेवा.

असं झालं तर आधी माणसाला मोकळ्या हवेत घ्या. अंगावरचे सगळे कपडे काढा, साबण-पाण्याने केसांसकट धुवा, हे करताना स्वतःच्या हातात मोजे घाला. मीठपाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा सोबत न्या. दवाखान्यात अॅट्रोपीन देतात. ते अॅसिटिलकोलिनची जागा अडवतं आणि छाती कोरडी होईपर्यंत डोस वाढवत नेतात. 'बरं वाटतंय, घरी नेतो' असं म्हणून दुसऱ्या दिवशी पेशंट उचलू नका. एक ते चार दिवसांच्या दरम्यान मानेचे आणि श्वासाचे स्नायू पुन्हा गळू शकतात आणि ते घरी झालं तर हातात काही राहत नाही.

आणि धोत्रा खाल्ला तर?

बरोबर उलट चित्र. महादेवाला वाहतो त्या धोत्र्याच्या बियांत अॅट्रोपीन आणि त्याची भावंडं असतात. परानुकंपीचा निरोपच पोचत नाही. तोंड ठणठणीत कोरडं, बाहुल्या मोठ्या, नाडी सुसाट, अंग लाल आणि तापलेलं, लघवी अडलेली आणि माणूस हवेत काहीतरी वेचत बडबडतोय. पोरांच्या हातात ती काटेरी बोंडं खेळायला देऊ नका. नेत्रतज्ज्ञ पडदा तपासायला डोळ्यात थेंब घालतात, त्यात याच घराण्यातलं सौम्य औषध असतं. म्हणून चार-सहा तास जवळचं वाचता येत नाही आणि ऊन सोसवत नाही. त्या दिवशी मोटारसायकल घरी ठेवून या.

साखर आहे म्हणून या नसा खराब होतात का?

होतात, आणि गुपचूप. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की सर्वात लांब तंतू आधी मरतात, त्यामुळे व्हेगसला लवकर फटका बसतो. बसल्या जागी नाडी ९५-१००, श्वासाबरोबर तिचा चढउतार नाहीसा. मग जठर मंद, दोन घासांत पोट भरल्यासारखं. पायांचा घाम आटून टाचा भेगाळतात. काहींना हृदयविकाराचा झटका येऊनही छातीत दुखत नाही, फक्त दम लागतो किंवा घाम येतो.

सगळ्यात घातक म्हणजे साखर उतरल्याची घंटा बंद पडते. एरवी साखर कमी झाली की अनुकंपी थरथर, धडधड, घाम यांनी ओरडून सांगते. ती ओरडच गेली तर माणूस थेट गोंधळतो किंवा बेशुद्ध पडतो. बीपी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर (अॅड्रिनलिनचा परिणाम अडवणारी गोळी) चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र फुटतो. कारण घामाच्या ग्रंथीकडे जाणारे अनुकंपी तंतू नियमाला अपवाद आहेत, ते नॉरअॅड्रिनलिन न सोडता अॅसिटिलकोलिन सोडतात आणि बीटा ब्लॉकरचा त्यावर ताबा नाही. म्हणून इन्सुलिन घेणाऱ्याला विनाकारण गार घाम सुटला, तर आधी साखर बघा.

स्टेजवर गेलं की हात थरथरतात. मित्र एक गोळी घेतो, मी घेऊ का?

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला तो सांगलीत. नाट्यपंढरीतल्या माणसाने हा प्रश्न विचारणं साहजिकच आहे. मित्राची गोळी बहुधा प्रोप्रॅनोलॉल असेल. जेम्स ब्लॅक यांनी हृदयाचा भार कमी करायला ती शोधली, १९८८ चं नोबेल त्यांना मिळालं. ती अॅड्रिनलिन जिथे लागू होतं ती पेशींवरची कुलपं अडवते, त्यामुळे थरथर थांबते. पण तीच कुलपं श्वासनलिकेतही आहेत. दमा असणाऱ्याने मित्राची गोळी उसनी घेतली तर पहिल्या अंकातच पडदा पडायचा. विचारल्याशिवाय नको.

पोटाला स्वतःचा मेंदू असतो म्हणतात, खरं का?

मेंदू म्हणणं जरा जास्त झालं, पण आतड्याच्या भिंतीत दोन थरांत पसरलेलं चेतापेशींचं जाळं आहे आणि त्यात कोट्यवधी पेशी आहेत. १८९९ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवलं की बाहेरच्या नसा तोडल्या तरी आतडं अन्न पुढे ढकलतंच. ही तिसरी शाखा. ग्रामपंचायतीसारखी, रोजचा कारभार स्वतः बघते, जिल्ह्याहून आदेश आला तरच वेग बदलते.

नस निरोप रसायनातून देते हे कळलं कसं?

ओटो लोवी या शास्त्रज्ञाला रात्री स्वप्नात प्रयोग सुचला. त्याने अर्धवट झोपेत चिठ्ठी लिहिली आणि सकाळी त्याला स्वतःचंच अक्षर लागेना. पुढच्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा चिठ्ठीच्या नादी न लागता तो तडक प्रयोगशाळेत गेला, असं तो स्वतः सांगायचा. बेडकाचं एक हृदय व्हेगससकट आणि दुसरं नसेशिवाय. पहिल्याची व्हेगस चेतवून ठोके मंद केले आणि त्याच्या भोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर घातलं. दुसरंही मंदावलं. हे १९२१ साली छापलं गेलं आणि १९३६ साली हेन्री डेल यांच्याबरोबर त्याला नोबेल मिळालं. डॉक्टरी अक्षराबद्दल आम्हाला बोलणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

रील्सवर 'व्हेगस नस जागी करा' असं चाललंय. त्यात तथ्य किती?

व्हेगस झोपलेली नसतेच, तुमची ७० ची नाडी तिचीच. पण श्वास हा आपोआप चालणारा असा कारभार आहे की त्याच्या गादीवर तुम्हालाही बसता येतं. श्वास आत घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना मंदावते. मनगटावर बोटं ठेवून आत्ता बघा. मिनिटाला साधारण सहा श्वास, सोडणं लांब, एवढं दहा मिनिटं केलं तर नाडी आणि घालमेल उतरते. लांब ओंकारात हेच घडतं. तोंडावर गार पाणी मारल्यानेही नाडी उतरते, पाण्याखाली प्राणवायू वाचवायची ती जुनी सोय आहे.

बाकी कान दाबा, मान चोळा हे सोडा. उतारवयात मान चोळणं तर धोक्याचं, तिथल्या धमनीतली गुठळी सुटली तर पक्षाघात होऊ शकतो. आणखी एक, व्हेगसमधले सुमारे ८० टक्के तंतू खालून वर, अवयवांकडून मेंदूकडे निरोप नेतात. तिला हुकूम सोडणारी साहेबीण समजू नका. बहुतेक वेळ ती वरती तक्रारीच पोचवत असते.

मणक्याला मार लागून पाय गेलेल्या भावाचं बीपी अचानक खूप वाढतं, डोकं ठणकतं. का?

मार छातीच्या सहाव्या पातळीच्या वर असेल तर हे होतं आणि ते तातडीचं असतं. लघवी तुंबली की खालून तक्रार जाते, अनुकंपी रक्तवाहिन्या आवळते आणि वरून 'पुरे' म्हणणारा निरोप मार लागलेल्या जागेच्या खाली उतरत नाही. त्याला ताबडतोब बसता करा, कपडे सैल करा, लघवीची नळी कुठे मुडपलीय का बघा. बहुतेकदा तिथेच सापडतं. नाही सापडलं तर थेट दवाखाना.

या नसांची तपासणी कुठे होते? महाग असते का?

मोठ्या दवाखान्यात यंत्रावर होते, पण पहिली तपासणी घरच्या बीपी मशीनवरही होते. सकाळी गोळ्या घेण्याआधी पाच मिनिटं झोपून बीपी आणि नाडी घ्या. उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. जवळ कुणीतरी थांबा, आणि चक्कर आली तर आकडा सोडून लगेच बसा. असे चार दिवस करा. आकडे कागदावर लिहा, कोणती गोळी किती वाजता घेतली तेही लिहा आणि गोळ्यांच्या पिशवीसकट घेऊन या. रिकाम्या पाकिटांसकट, कारण 'ती पांढरी गोल गोळी' एवढ्यावर मला काही सांगता येत नाही.